एका खोलीचा अर्ज

आमच्याकडे निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. कागदावरचा म्हणतोय मी. खरा दिवस विचाराल तर माय सांगणार, तुरी सोंगून झाल्या होत्या, नाहीतर शेजारच्या गंगूचं लग्न होतं. मग पोरगं शाळेत आलं की मास्तर त्याला समोर उभं करायचा, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का ते बघायचा, पोचला की सहा वर्षं पुरी धरायचा आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळा व्हायचा. मी स्वतः एक जूनचा. पुढे मास्तर झाल्यावर मीही इतरांना एक जून वाटत गेलो. यात कुणाचं काही बिघडतं असं इतक्या वर्षांत मला वाटलं नव्हतं. ते दाखवून दिलं कमल दर्यापूरकर वकीलबाईंनी. बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील, तरी शाळेचं रजिस्टर आठवलं की त्यातल्या तारखांवरून खाली खाली सरकणारं त्यांचं बोट आधी दिसतं.

बाई मूळच्या अमरावतीच्या. वकिलीची सुरुवात तिथेच केली आणि मग काय झालं कुणास ठाऊक, सगळं बिऱ्हाड उचलून अकोल्याला आल्या. जठारपेठेत एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, त्यात राहिल्या. लहानखुऱ्या चणीच्या, अंगात सुती साडीवर काळा कोट, आणि त्या कोटाचा डावा खिसा कायम लोंबलेला. त्यात शिंप्याकडे असतो तसला कापडी टेप असायचा. फायलींना लाल फीत त्या कधी लावत नसत, जुन्या लुगड्याचे काठ फाडून ठेवलेले असत, त्यांनी बांधत. कोर्टात उभ्या राहिल्या की मराठी अशी की पुण्याच्या माणसाने कान टवकारावेत, आणि व्हरांड्यात पाऊल पडलं की अस्सल वऱ्हाडी.

कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "जेवले काय?" आरोपीला, शिपायाला, समोरच्या पक्षाच्या वकिलाला, सगळ्यांना तोच. आपण सवयीने हो म्हणून जावं तर सुटका नसे. काय जेवलात, कितीला जेवलात, असं विचारून घेत, आणि थाप सापडली की डबा उघडत. डब्यात भाकर आणि ठेचा. ठेचा इतका तिखट की एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्या वेळी खरंच जेवून येत असे.

शेताच्या धुऱ्या-बांधाची भांडणं, पोटगीचे दावे, हे सगळं त्या करायच्याच. पण बार रूममध्ये त्यांना टेपवाल्या बाई म्हणत, ते वेगळ्याच कामामुळे. अकोल्याबाहेर एक जुनं वसतिगृह आहे, मुलं येईनाशी झाली म्हणून बंद पडलेलं. आपण इथलेच आहोत असे कागद ज्यांना दाखवता येत नाहीत, अशा लोकांना त्यांचा निकाल लागेपर्यंत तिथे ठेवत. दारावर 'निवारा' असं रंगवलं होतं आणि कुलूप बाहेरून होतं. पुरुष पुढच्या इमारतीत, बायका मागच्या. सहा वर्षांखालचं मूल आईजवळ राही. सहा पुरी झाली की त्याला अमरावतीच्या एका बालगृहात पाठवत. तिथली माणसं वाईट होती असं नाही, नियमच तसा होता. बाई अशा कुटुंबांसाठी अर्ज करत. गंमत अशी की सुटकेचा अर्ज तरुण वकील करायचे, बाईंचा अर्ज वेगळाच असायचा. सदर कुटुंबास एका खोलीत ठेवण्यात यावे. एवढीच मागणी, आणि नाहीच ऐकलं तर टेपने घेतलेली मापं. लोक हसत. म्हणत, बाई, मागायचंच आहे तर जामीन मागा, खोली काय मागता.

त्यावर बाईंचं उत्तरही ठरलेलं. "कोन कुठचा हे ठरवाले सरकार बसलं हाय. त्याले वर्ष लागो नाहीतर दोन. लेकरू आज कुठी झोपते, थे मले पाह्यचं हाय."

माझा आणि त्यांचा संबंध आला तो टुम्पामुळे. पातूर रस्त्यावर वीटभट्ट्या आहेत, त्यांच्या अलीकडे माझी जिल्हा परिषदेची शाळा. एका भट्टीवर जमाल नावाचा माणूस विटा थापायचा, पावसाळ्यात भट्टी बंद झाली की राखणीला तिथेच राहायचा. बायको शेफाली. दोघं आपसात बंगाली बोलत, आमच्याशी मोडकं हिंदी. त्यांची एकुलती एक पोरगी टुम्पा. ती मात्र भट्टीवरच्या पोरांत वाढल्यामुळे माझ्या वर्गातल्या पाटलाच्या पोरापेक्षा चोख वऱ्हाडी बोलायची. नकटं नाक, तेल न लागलेले केस, आणि सांगितलेली गोष्ट एकदा ऐकली की पक्की. मला ती फार आवडायची.

तिला शाळेत घेतलं तेव्हा शेफाली म्हणाली होती की पोरगी पाचचीच आहे. पण त्या वर्षी पहिलीच्या वर्गात पोरं कमी पडत होती, पट घसरला तर शाळा बंद व्हायची भीती, आणि पोरगी भट्टीवर धुळीत बसण्यापेक्षा माझ्यापुढे बसलेली बरी, असं मलाही मनापासून वाटत होतं. मी तिला उभं केलं. हात कानाला पोचेना. बोटं केसांतच अडकून राहिली. मग मी हसून तिची मान जराशी वाकवली, म्हटलं, अशी कर बेटा, बघ पोचला. ती खूश झाली. मी एक जून लिहिला, आणि सालही जे हवं ते लिहिलं.

पुढच्या मार्चमध्ये पोलिसांनी भट्ट्यांवर कागद तपासले. जमालच्या बापाचे कागद म्हणे गावी पुरात गेले होते. तिघांनाही निवाऱ्यात नेलं. काही दिवसांनी तिथून शाळेला पत्र आलं की या नावाची मुलगी तुमच्याकडे शिकते काय, असल्यास दाखला द्यावा. मी त्याच दिवशी दाखला लिहिला, चांगल्या अक्षरात, शिक्का मारून. पोरगी शाळेत जाते हे दिसलं तर तिघांचं भलं होईल, असा माझा हिशेब. दाखल्यात अर्थातच जन्मतारीख होती. तिच्यावरून टुम्पा सहा वर्षं पुरी होऊन वर चांगले नऊ महिने झालेली निघाली.

आठवड्याभरात बाई शाळेत आल्या. स्कूटी लिंबाखाली लावली, वर्गात डोकावल्या, पोरांना जेवले काय म्हणून विचारलं. मग माझ्याकडे वळून नाव सांगितलं, काम सांगितलं आणि दाखल-खारीज रजिस्टर मागितलं. टेबलाशी बसून त्या जन्मतारखेच्या रकान्यावरून बोट फिरवायला लागल्या. एक जून, एक जून, एक जून. मध्ये कुठेतरी दवाखान्यात जन्मलेल्या एखाद्या भाग्यवंताची सतरा फेब्रुवारी. पुन्हा एक जून. टुम्पाच्या नावापाशी बोट थांबलं. त्यांनी रजिस्टर मिटलं.

"गुरुजी, त्या पोट्टीचा हात कानाले पोचत होता काय जी?"

मी म्हटलं, पोचत होता.

बाईंनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मग एवढंच म्हणाल्या की बालकल्याण समितीपुढे पुढच्या गुरुवारी तारीख आहे, सहाची ठरली तर पोरगी त्याच दिवशी अमरावतीला जाईल. पोचत होता तर मग ठीकच आहे. पाणी पिऊन त्या निघून गेल्या.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष राहिलं होतं. सरकारी रजिस्टरात खोटी नोंद केली हे कबूल करायचं म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे पेन्शनचे कागद अडकणार. केंद्रप्रमुख माझे जुने मित्र. त्यांना आडून विचारलं, तर म्हणाले, गावंडे, लिहिलेल्याला हात लावू नका. घरी मंदाला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी कावून पडता त्याच्यात? सरकार पाहून घेईन ना." तिचंही चुकलं नव्हतं. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. मी रात्रंदिवस स्वतःला समजावत होतो की बालगृह काही वाईट नसतं, दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा मिळते. आणि वर्गात हजेरी घेताना टुम्पाचं नाव आलं की मी ते न वाचता पुढच्या नावावर जायचो.

बाईंनी मला एकदाही फोन केला नाही. त्याचाच जास्त ताण यायला लागला. रविवारी दुपारी मी स्वतःच जठारपेठेत गेलो. मला यात पाडू नका, असं स्पष्ट सांगायचं ठरवूनच गेलो होतो.

जिना चढून वर गेलो तर दाराशीच एक भरलेली पिशवी ठेवलेली. टॉवेल, पाण्याची बाटली, बिस्किटांचे पुडे. मला वाटलं बाई गावाला निघाल्या. तर ती पिशवी वर्षभर तशीच भरलेली असते, असं कळलं. कधीही निघावं लागतं म्हणून. "जेवले काय?" झालं. मी हो म्हटलं. मग त्या घड्याळाकडे बघायला लागल्या. बोलता बोलता सारख्या बघायच्या. पाच वाजले तसा त्यांनी फोन उचलला आणि निवाऱ्याच्या गेटवर लावला. तिथे वानखडे म्हणून पहारेकरी होते.

"वानखडे भाऊ, आज गाडी आलती काय? कोनाले नेलं काय?" पलीकडून 'नाही' असं उत्तर आलं असावं, कारण त्यांनी पदराने कपाळ पुसलं. हा फोन रोज पाचला व्हायचा. सुटी नाही, सण नाही. वानखडे मला नंतर सांगत होते की पाचला बाईंचा फोन नाही आला तर मलाच करमत नाही.

मी विचारलं, रोज कशाला? नेणारच असतील तर नोटीस येईल की. तेव्हा त्यांनी मला रीनाची गोष्ट सांगितली.

अमरावतीला त्या नव्या नव्या वकील होत्या. आईबापांबरोबर एक सात वर्षांची मुलगी कोठडीत होती, तिचं नाव रीना. तेव्हा निवारा वगैरे काही नव्हतं. कोठडीत लेकरू बघून बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी अर्ज केला, दोन दिवस भांडल्या आणि रीनाला बालगृहात ठेवायचा हुकूम मिळवला. तिथे झोपाळा होता, शाळा होती, पांघरूण स्वच्छ होतं. बाईंनी त्या दिवशी बार रूममध्ये पेढे वाटले. दीड महिन्याने एका गुरुवारी वरून आदेश आला आणि त्या आईबापांना इतरांबरोबर सीमेकडे पाठवून दिलं. त्यांच्या कागदावर माणसं दोनच लिहिलेली होती. तिसरी बालगृहात आहे हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंना शनिवारी कळलं. पत्रं लिहिली ती परत आली. रीना अठरा वर्षांची होईपर्यंत तिथेच राहिली. बाई दर गुरुवारी तिला भेटायला जात, अकोल्याला आल्यावरसुद्धा जात. रीना त्यांच्याशी नीट बोलायची, अभ्यास दाखवायची. अठरा पुरी झाली आणि ती निघून गेली, पत्ता ठेवला नाही.

"तिनं मले एका शब्दानं काई म्हटलं नाई, गुरुजी," बाई म्हणाल्या. त्यांनी खिशातून टेप काढला होता आणि तो बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. "अर्जात मी लेकराची सुटका मागतली. त्याले मायजवळ ठेवा, हे मागाचं मले सुचलंच नाई."

मी नाही म्हणायला आलो होतो. तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "हात पोचत नव्हता बाई. मी मान वाकवून घेतली."

त्यांनी आनंद वगैरे दाखवला नाही. लिहून देता का, एवढंच विचारलं, आणि लगेच म्हणाल्या की आज हो म्हणू नका, घरी जाऊन विचार करा. नोकरी जाईल असं मी म्हणत नाही आणि जाणार नाही अशी खातरीही देत नाही. मग माझ्यापुढे भाकर आणि ठेचा ठेवला. मी जेवून आलो नव्हतो हे त्यांनी ओळखलं होतं.

मंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गुरुवारी सकाळी मात्र माझा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला होता.

समितीच्या खोलीत टेबलामागे तिघं होते, अध्यक्ष एक वयस्कर बाई. माझं प्रतिज्ञापत्र त्यांनी दोनदा वाचलं. खोटी तारीख लिहिली हे कबूल आहे का, असं विचारलं. मी हो म्हटलं.  मग त्यांनी रास्त शंका काढली. आज तुम्ही खोटं बोलत नाही कशावरून? तेव्हा खोटं लिहिलंत, आता दयेपोटी खोटं सांगत असाल. डॉक्टरी तपासणीतही वर्षा-दीड वर्षाचा फरक पडतो. याला आधार काय?

दर्यापूरकर बाई उठल्या. शुद्ध मराठीत त्यांनी सांगितलं की ज्या परीक्षेवरून मुलीला सहाची ठरवलं, तीच परीक्षा समितीने आपल्या डोळ्यांनी पाहावी. दाराबाहेर शेफाली पोरीला घेऊन बसली होती. टुम्पाला आत आणलं.

हिरवा झगा घातला होता, केस चापून विंचरलेले. तीन आठवड्यांत मी तिला पाहिलं नव्हतं. मला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. अध्यक्षबाईंनी गोड आवाजात सांगितलं, बाळ, हा हात डोक्यावरून घे आणि या कानाला लाव बरं. टुम्पाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी शिकवलेलं ती कधी विसरत नसे. तिने हात वर घेतला, मान व्यवस्थित वाकवली आणि दोन बोटांनी कान पकडला.

"पोचला, गुरुजी," ती म्हणाली.

 टेबलावरच्या एकाने कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. मी बाईंकडे पाहिलं, तर त्या खाली बघत होत्या आणि कोटाच्या खिशातला टेप चाचपत होत्या. दारात शेफाली उभी होती. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं, पण आमचे चेहरे बघून तिने चौकट धरली होती. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, स्वतःसाठी तर नाहीच.

मी न विचारता उभा राहिलो आणि म्हटलं, "टुम्पा, बेटा, तसं नाही. मी चुकीचं शिकवलं होतं. मान सरळ ठेव."

तिला ते पटेना. पोचलाय की, असा तिचा भाव. मी पुन्हा म्हटलं, मान सरळ, झेंड्याला उभी राहतेस तशी. तिने मान सरळ केली. कान सुटला. बोटं वर सरकली आणि केसांत अडकून राहिली. तिने जोर लावून पाहिला, टाचा उंचावून पाहिल्या. मग हात खाली घेतला आणि तिचे डोळे भरून आले, कारण तिच्या समजुतीने ती गुरुजींसमोर नापास झाली होती.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. शेजारच्या सदस्याला त्या हळूच म्हणाल्या ते मला ऐकू आलं. "माझाही एक जूनच आहे. वडिलांनी सांगितलं म्हणून गुरुजींनी लिहिला." मग त्यांनी शेफालीला जन्माचं विचारलं. शेफालीने सांगितलं की पाच वर्षांमागे दिवाळी झाल्यावर भट्टी पहिल्यांदा पेटवली, त्या दिवशी झाली. समितीने ते धरलं. दिवाळीपर्यंत मुलगी आईजवळ राहील असा आदेश झाला.

बाहेर आलो. बाईंना म्हटलं, चला, चहा तरी घेऊ. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, दिवाळीले सात महिने. चहा घेतला नाही. पेढ्यांचा तर विषयच नव्हता.

माझं जे व्हायचं ते झालं. कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी झाली, सेवापुस्तकात शेरा बसला. पेन्शन उशिरा का होईना मिळाली. त्या शेऱ्याचा मला अभिमान वाटतो असं लिहिलं तर छान दिसेल, पण खोटं कशाला सांगू, अजूनही तो डाचतो.

बाई मात्र थांबल्या नव्हत्या. आता जमालचं उरलं होतं. तो पुढच्या इमारतीत, या दोघी मागच्या. एका खोलीचा अर्ज त्यांनी तीनदा केला आणि तीनदा फेटाळला गेला. मग त्यांनी टेप काढला. मागच्या इमारतीतला नळ जमिनीपासून चार फुटांवर, मुलगी सव्वातीन फूट, सबब तिला पाणी पिण्यासाठी दर वेळी दुसऱ्याची वाट पाहावी लागते. असा अर्ज. तिथले अधिकारी हसले, म्हणाले, बाई, ही कचेरी आहे की शिंप्याचं दुकान? बाई म्हणाल्या, साहेब, चार विटांचा ओटा करून द्या, मी टेप खिशात ठेवते. गवंडी कुठून आणायचा, असं साहेब म्हणाले. त्यावर बाईंनी अगदी साधेपणाने सांगितलं की तुमच्याच पुढच्या इमारतीत एक विटांचा माणूस बसून आहे.

जमालने तो ओटा बांधायला पूर्ण चार दिवस लावले. एवढ्याशा कामाला चार दिवस का, हे साहेबांना कळत होतं, पण ते काही बोलले नाहीत. टुम्पा विटा उचलून द्यायची. पाचव्या दिवशी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं आणि वॉर्डनची एक खोली रिकामी पडली आहे, चौथ्यांदा अर्ज करा म्हणाले. दहा बाय बाराची खोली. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा बाई तिथे खिडकीचं माप घेत होत्या, पडद्यासाठी. जमाल जमिनीवर बसला होता आणि पोरगी त्याच्या पाठीवर. त्या खोलीला कुलूप बाहेरूनच होतं. तरी शेफालीने दारापुढे रांगोळीसारखे चार ठिपके काढले होते.

तिघं इथलेच आहेत हा मूळ खटला बाई हरल्या. श्रावण संपता संपता हुकूम आला की यांना सीमेकडे पाठवावं. आधी पुरुषांची तुकडी, बायका-मुलांची मागाहून. बाईंनी ते वाचलं आणि तीन दिवस त्यांना अन्न गेलं नाही. स्टेशनरीवाल्याने मला सांगितलं की वर सारखा चालण्याचा आवाज येतो. त्या नागपूरला जाऊन आल्या, इथे साहेबांच्या दारात बसून राहिल्या, आणि अखेर साहेबांच्या सहीचा एक कागद मिळाला. सदर तिघांस एकाच दिवशी, एकाच गाडीने, एकाच डब्यातून नेण्यात यावे. कागदावर तिघांची नावं होती. बाईंनी ती माझ्यासमोर बोट ठेवून पाच-सहा वेळा तरी वाचली.

सकाळची गाडी होती. मी स्टेशनवर गेलो. मंदाने लाकडी बैल दिला होता, चाकांचा, टुम्पासाठी. आदल्या दिवशी पोळा झाला होता आणि तो दिवस तान्ह्या पोळ्याचा, शाळेतली पोरं असले बैल ओढत गावभर फिरतात. बाई आधीच येऊन उभ्या होत्या, हातात ती भरलेली पिशवी. मला जेवले काय विचारलं, पण उत्तर ऐकलं नाही. त्यांची नजर फाटकाकडे होती. पोलिसांची गाडी आली. जमाल उतरला, शेफाली उतरली, मग पोरगी. बाईंचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

डब्यात तिघं बसले तरी बाई खिडकीपासून हलेनात. मी बैल आत दिला. टुम्पाने तो मांडीवर ठेवला आणि हात डोक्यावरून नेऊन मला दाखवला, मान सरळ ठेवून. अजून पोचत नव्हता. ती हसली.

गाडी सुटायला आली तशी बाई एकदम म्हणाल्या, "मी बडनेऱ्यापर्यंत जाते, गुरुजी. तिकीट काढून ठेवलं हाय." महिला शिपाई दारातच होती, तिने बाजूला होऊन त्यांना वर घेतलं. गाडी हलली. बाई दाराची दांडी धरून उभ्या होत्या. मी हात केला, पण त्यांचं तोंड आत होतं, त्या तिघांकडे. कोटाचा डावा खिसा तसाच लोंबत होता. मला त्या शेवटच्या दिसल्या त्या अशा, पाठमोऱ्या. पुढे त्या अकोल्याला परतल्याच नाहीत, अमरावतीला बहिणीकडे उतरल्या आणि दसऱ्याआधी झोपेतच गेल्या.

त्या दिवशी मी घरी येऊन बसलो, तर फोन वाजला. बडनेरा गेलं, मी काही उतरले नाही, नागपूरपर्यंत जाते म्हणाल्या. तिघं आहेत. दुपारी पुन्हा फोन. नागपूरलाही माणसं चढली-उतरली, गडबड फार, मग कसं उतरायचं? तिकीट वाढवून घेतलं. तिघं आहेत. मी म्हटलं, बाई, असं कुठवर जाणार? त्या म्हणाल्या, आता गोंदियाले उतरतेच.

पाच वाजता शेवटचा फोन आला. गाडीचा खडखडाट होता आणि बाई अगदी हळू बोलत होत्या, मला कान दाबून ऐकावं लागत होतं.

"गुरुजी, पोट्टी झोपली. डोकं मायच्या मांडीवर, पाय बापाच्या मांडीवर."

 मग मी विचारलं, "बाई, तुम्ही जेवल्या काय?"



"राहूनच गेलं पाहा," त्या म्हणाल्या. "थांबा, ठेवते मी. तिनं कूस बदलली, पाय खाली घसरून राहिले."